एक गोल म्हणजे दहा रन

मिलिंदनगरच्या मैदानावर आंबेडकर जयंतीनंतरच्या रविवारी जी मॅच होते, तिचे नियम बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना वसाहतीतल्या पोरांना मोठी मजा येते. एका बाजूला संसारी, म्हणजे ज्यांची लग्नं झालीत ते. समोर सडे, म्हणजे ज्यांची व्हायचीत ते. अलीकडे त्यांच्यात मुलीही असतात. ज्याला हळद लागली तो त्याच दिवसापासून संसारी. काडीमोड झालेल्यानं कुठल्या बाजूनं खेळायचं यावर मध्यंतरी एकदा भांडण पेटलं, तेव्हा त्या बिचाऱ्याला पंच करून टाकलं आणि तो आजतागायत पंचच आहे.

आधी अर्धा तास फुटबॉल खेळायचं. मग लिंबाचं सरबत. मग त्याच माणसांनी, त्याच घामेजलेल्या कपड्यांत, आठ-आठ षटकांचं क्रिकेट खेळायचं. फुटबॉलमधला एक गोल म्हणजे क्रिकेटमधल्या दहा रन. सगळी बेरीज झाल्यावर कोण जिंकलं ते ठरतं.

हे त्रांगडं धम्मपाल पगारेनं जमवलेलं. तीसेक वर्षांपूर्वी या एवढ्याशा मैदानावरून वसाहतीत दोन तट पडले होते. क्रिकेटवाले पिचवर पाणी मारून ठेवायचे, फुटबॉलवाले मुद्दाम त्याच ओल्या जागेवर सराव करायचे. मग क्रिकेटवाल्यांनी गोलचे बांबू उपटून विहारामागे नेऊन टाकले आणि प्रकरण हातघाईवर आलं. धम्मपालचं नाव दोन्ही याद्यांत होतं. तू कुणाच्या बाजूचा ते एकदा सांग, म्हणून दोन्हीकडच्यांनी त्याला गाठलं. त्यानं सरळ उत्तर दिलं नाही, ही मॅच काढून दिली. भांडण तिथल्या तिथे बसलं. माणसं भांडायला जेवढी तयार असतात, तेवढीच खेळायलाही असतात. त्यांना फक्त वेळ ठरवून द्यावी लागते.

तेव्हापासून एकही मॅच त्याच्याशिवाय झाली नव्हती. फुटबॉलमध्ये तो गोलमध्ये उभा राहायचा, क्रिकेटमध्ये स्टंपांच्या मागे. वसाहतीत त्याला नावानं हाक मारणारी माणसं आता मोजकीच उरली होती. बाकी सगळ्यांचा तो कीपरकाका.

यंदा फेब्रुवारीत विहाराच्या पायऱ्या उतरताना त्याच्या उजव्या गुडघ्यात वाळलेली शेंग मोडल्यासारखा आवाज झाला. दुखलं नंतर, आधी फक्त आवाज ऐकू आला आणि तो कुणाचा म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं. बायको दीपमाला. तिची सगळी नोकरी नर्स म्हणून सरकारी दवाखान्यात गेली. तिनं त्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची आत्ताच घाई नाही, पण खेळणं आता बंद. धम्मपालनं मान डोलावली. डॉक्टरांचं बंद म्हणजे काय आणि नवऱ्याचं मान डोलावणं म्हणजे काय, दोन्ही दीपमालाला पुरेपूर ठाऊक होतं. मॅच आठवड्यावर आली तेव्हा तिनं मधला मार्ग काढला.

"अर्धी मॅच खेळा," ती म्हणाली. "फुटबॉल, नाहीतर क्रिकेट. एक काय ते ठरवा."

एक काय ते ठरव. हे वाक्य त्यानं आयुष्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की बायकोनं ते उच्चारलं तेव्हा त्याला आधी हसू आलं आणि मग, कपडे वाळत घालताना, त्यानं एकच सदरा दोनदा झटकला.

धम्मपालचे वडील भिकन कॅम्पातल्या लष्कराच्या मैदानावर मजूर होते. रोलर ओढायचा, गवत कापायचं, फक्कीनं पांढऱ्या रेघा मारायच्या. पावसाळ्यात रेघा फुटबॉलच्या असायच्या, दिवाळीनंतर क्रिकेटच्या. मैदान तेच आणि भिकनही तोच. धम्मपाल शाळा सुटल्यावर वडिलांच्या मागेमागे असायचा. खेळणाऱ्या जवानांना बाहेर गेलेला बॉल आणून देणारं कुणीतरी लागायचं. पावसाळ्यात हा गोलच्या मागे उभा, हिवाळ्यात सरावाच्या जाळीमागे. जिथे कुणालाच उभं राहायचं नसतं ती जागा त्याला आयती मिळाली. एकदा केरळकडच्या एका सुभेदारानं त्याला जवळ बोलावलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की बॉल मागे गेल्यावर पळत जाऊन आणतोस, त्यापेक्षा तो मागे जायच्या आधीच अडव ना, पाय कमी दुखतील. एवढंच त्याचं शिक्षण. दूरवर रेंजवर तोफा धडधडत असायच्या, घराघरांची तावदानं थरथरायची आणि या मुलाचं लक्ष फक्त आपल्याकडे येणाऱ्या एका गोल वस्तूकडे असायचं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मुंबईतल्या एका कंपनीच्या फुटबॉल संघानं त्याला गोली, म्हणजे गोलकीपर, म्हणून करारावर घेतलं. खेळायचा पगार. भिकनला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं बराच वेळ विचार करून विचारलं, आणि काम काय करायचं? परळला एका खोलीत पाच जण, खिडकीच्या गजांवर कधीच न वाळणाऱ्या जर्सी, चिखलात रुतणारे बूट. मुंबईचा फुटबॉल तेव्हा पावसाळ्यात चालायचा. गोलपुढच्या चिखलात तो असा पडायचा की उठल्यावर त्याचा आकार तिथे शिल्लक राहायचा, आणि पुढच्या वेळी त्याच आकारात पुन्हा पडायचा. हंगाम संपला की गाडीत बसून नाशिकरोडला उतरायचं आणि ग्लोव्हज बदलायचे. जिल्ह्याकडून तो विकेटकीपिंग करायचा. एका हिवाळ्यात महाराष्ट्राच्या नेहमीच्या कीपरला कावीळ झाली आणि धम्मपालला पुण्याहून निरोप आला. रणजी खेळला तो. चार सामने.

चारच का, हे वसाहतीत सगळ्यांना पाठ आहे. चौथ्या सामन्यात समोरच्या संघाचा सर्वांत मोठा फलंदाज नुकताच आला होता. बॉल बॅटची कड घेऊन पहिल्या स्लिपच्या पोटाशी निघाला, अगदी सरळ, झोळीत पडणाऱ्या आंब्यासारखा. स्लिपला संघातला सर्वांत जुना खेळाडू हात जोडून तयार होता. कुठल्याही कीपरनं तो सोडला असता. पण धम्मपालनं सगळा पावसाळा गोलमध्ये काढला होता. गोलीला शेजारी नसतो. दोन खांबांच्या मध्ये जे जे येईल ते त्याचंच. त्यानं झेप घेतली, बॉलला बोटं लावली आणि तो सीमारेषेकडे ढकलून दिला. झेप मात्र इतकी देखणी होती की प्रेक्षकांतून टाळ्या आल्या. ज्यांना खेळ कळत होता ते टाळ्या वाजवत नव्हते. त्या फलंदाजानं पुढे दीडशे केल्या.

निवड समितीतले एक सभ्य गृहस्थ चहाच्या वेळी त्याच्याजवळ आले. पगारे, तुमच्यात गुण आहे, पण एक काय ते ठरवा, म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात मुंबईत कूपरेजच्या मैदानावर उलटं झालं. लांबून मारलेला बॉल उजवीकडून वळत आला. धम्मपालच्या डोळ्यांनी तो ऑफ स्टंपच्या बाहेरचा ठरवला. सोडायचा. त्यानं बॉल सोडणाऱ्या फलंदाजासारखे दोन्ही हात वर करून, मोठ्या रुबाबात, बॉलला वाट करून दिली. खांबाच्या आतून जाळी हलल्याचा आवाज आला. मैदानात क्षणभर कुणाला काही कळेना; मारणारासुद्धा गोल झाल्यावर नाचायचं विसरला. मॅनेजर बंगाली होते. त्यांनी शिवी दिली नाही, ते फक्त बाकावर बसले आणि बूट काढून त्यात काही आहे का ते बघू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच सांगितलं. एक काय ते ठरव.

तो दोघांनाही हो म्हणाला होता. दोन्हीकडे खरंच हो म्हणायचं होतं त्याला. करार संपला, पुन्हा झाला नाही. पुण्याहूनही परत निरोप आला नाही. मग नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये नोकरी लागली. तिथेही दोन्ही संघ होते आणि तिथे कुणी काही ठरवायला सांगितलं नाही. चाळिशीपर्यंत तो दोन्ही खेळला. भिकनला मुलगा सरकारी नोकरीत कायम झालेला बघायला मिळालं. दीपमाला आली, राखी झाली, वसाहतीत दोन खोल्यांच्या चार खोल्या झाल्या. त्याला झोप चांगली लागते. सकाळी लॅम रोडनं फिरायला जातो, येताना कोथिंबीर आणतो. त्याच्या डाव्या हाताची करंगळी क्रिकेटनं वाकडी केली आणि शेजारचं बोट फुटबॉलनं. आता दोन्ही सारखीच वाकडी दिसतात, आणि थंडीत दुखायला लागली की कुठलं कुणी मोडलं हे त्यालाही आठवत नाही.

एक गोष्ट मात्र पायताणात शिरलेल्या खड्यासारखी टोचायची. लग्नात, मयताला, रेशनच्या दुकानात, कुणी ना कुणी म्हणायचंच, की एकावर राहिला असतास ना धम्मा, तर देशाकडून खेळला असतास. तो हसून सोडून द्यायचा. हसण्याचं कारण असं, की कुठल्या एकावर ते सांगणाऱ्यालाही सांगता यायचं नाही आणि त्यालाही. जोवर ठरवलं नव्हतं तोवर दोन्ही त्याचे होते. आता दीपमालानं अर्धी मॅच दिली होती आणि बासष्टाव्या वर्षी त्याला ठरवायला लागणार होतं. गोलमध्ये उभं राहिलो तर क्रिकेट वरवरचं होतं असं होईल. स्टंपांमागे बसलो तर परळची ती सगळी वर्षं उगीच चिखलात लोळलो असं होईल. लोकांच्या दृष्टीनं ही एका रविवारची गंमत होती. त्याच्या दृष्टीनं मागच्या सगळ्या वर्षांवर सही करायची होती, आणि पेन कुणीतरी हातात कोंबलं होतं.

मॅचच्या आधीच्या आठवड्यात संसाऱ्यांचा कॅप्टन सहादू रोज यायचा. सहादू मूळचा सायखेड्याचा, बाजारात भाजीचा गाळा आहे, आणि त्याला आकड्यांपेक्षा माणसं हलवायला जास्त आवडतात. कीपरभाऊ फुटबॉल खेळणार असेल तर क्रिकेटला कीपर कोण, क्रिकेट खेळणार असेल तर गोलमध्ये कोण, हे त्याला मांडून ठेवायचं होतं. पहिल्या दिवशी त्यानं चहा घेतला, दुसऱ्या दिवशी चहाला येताना वांगी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी तो पायरीवरच बसला.

"भाऊ, पोरीचं लग्न जमवायला येवढे हेलपाटे नाय घातले मी," तो म्हणाला. "गोलमधी उभं राहतो का मागं बसतो, येवढं बोल. तुझ्या मनाचं तू बघ, मला माझे अकरा बघायचेत."

धम्मपाल म्हणाला, सकाळी सांगतो. तीन दिवस तो हेच म्हणत होता.

वसाहतीतही दोन तट पुन्हा जागे झाले. जुन्या फुटबॉलवाल्यांनी त्याला चहाच्या टपरीवर अडवून सांगितलं, की पगार फुटबॉलनं दिला होता, हे विसरू नको. क्रिकेटवाले म्हणाले, चार का होईना, रणजी ती रणजी. नाव कायमचं नोंदलेलं आहे. कुणीच चुकीचं बोलत नव्हतं, त्यामुळे फारच पंचाईत झाली. शिवाय जावई राकेशनं नवे कीपिंग ग्लोव्हज घेतले होते आणि ते गाडीच्या डिकीत लपवून ठेवले होते. राखीनं हे बापाला हळूच सांगून टाकलं. राकेश समोर आला की, मामा, तुमचं काय ते निवांत ठरवा, म्हणायचा, आणि बोलता बोलता हाताच्या पंज्यांची उघडझाप करायचा. जावयाचं मन मोडू नये म्हणून फुटबॉल घ्यावं, असं धम्मपालच्या मनात आलं. लगेच वाटलं, ही पळवाट आहे. त्याला उत्तर हवं होतं आणि सगळे त्याला सवलत देत होते.

शनिवारी दुपारी तो आईजवळ जाऊन बसला. मालनबाई आता पंच्याऐंशीच्या पुढे होती. दिसायचं कमी, ऐकू येण्याचं ती स्वतः ठरवायची. बाजेवर बसून ती लसूण सोलत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. दोन खेळ कसे, एक कसा निवडायचा, निवडला तर दुसऱ्याचं काय. ती सोलत राहिली. बराच वेळ सोलत राहिली. तिनं ऐकलं नसावं असं वाटून तो उठणार, तेवढ्यात ती बोलली.

"दोन कुठं हायत रे? मी तर तुला कवाबी बघितलं तं तू मागं उभा. बाकीचे पळत्यात, तू उभा. येईल ते धरायचं. तुझा बाप म्हनायचा, आपलं पोरगं खेळतंय का राखन करतंय?"

आईनं त्याच्या हातात लसणाची कुडी ठेवली, सोल म्हणून. उत्तर असं हे नव्हतं, पण आठवडाभर त्याच्या डोक्यात जो काटा उभा होता तो या बोलण्यानं जरा आडवा झाला. लसूण सोलून होईपर्यंत त्याला वाटायला लागलं, की कुठलंही घेतलं तरी चालेल; आणि तसं वाटताच कुठलं घ्यावं ते मुळीच कळेना.

संध्याकाळी कुकर लावताना दीपमालानं विचारलं, ठरलं का? तो म्हणाला, उद्या सकाळी ठरेल.

"सकाळी काय ठरायचंय?" ती म्हणाली. "विकेटकीपिंग म्हणजे प्रत्येक बॉलला उठबस. या गुडघ्यानं? दुसऱ्या ओव्हरला उचलून आणायला लागेल. गोलमध्ये निदान उभं तर राहता येतं. मी काय तुम्हाला क्रिकेट खेळू देणार होते का?"

मग आठवडाभर मला कशाला झुलवलंस, असं त्यानं विचारलं, आवाजात राग आणायचा प्रयत्न करून.

"विचार करत बसलात की तुम्ही जिना चढउतार करत नाही," ती म्हणाली आणि कुकरला शिट्टी लावली. "आठ दिवस गुडघ्याला आराम मिळाला."

त्याला खूप चिडायचं होतं. पण एका मोठ्या, काळोख्या प्रश्नाची वाफ कुकरच्या शिट्टीबरोबर अशी निघून जावी आणि मागे नुसता वरणाचा वास उरावा, यावर कुठल्या तोंडानं चिडणार? त्यानं सहादूला फोन करून सांगितलं, फुटबॉल. पलीकडून सहादूनं एवढंच विचारलं, की हे वहिनींचं म्हणणं का तुझं, म्हणजे सकाळी बदलणार का ते कळेल.

रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला निळ्या पताका होत्या आणि एका बाजूला मंडपात मसालेभाताची तयारी चालली होती. एप्रिलचं ऊन चढायच्या आत आटपायचं म्हणून मॅच लवकर सुरू झाली. सड्यांच्या पुढच्या फळीत तेजल होती, कॉलेजकडून खेळणारी, वसाहतीतली सर्वांत वेगवान पोरगी. नाणेफेक व्हायच्या आधी ती गोलजवळ आली.

"काका, कुठला गुडघा ते सांगा," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूला मारते."

"सांगतो," तो म्हणाला. "खरा सांगेन असं नाही."

त्यानं डावा सांगितला, म्हणून तिनं तीनदा बॉल त्याच्या उजव्या बाजूलाच मारला. एक खांबाला लागून गेला. एक आत गेला. धम्मपाल वाकलाच नाही, वाकायच्या आधी गुडघ्यानं त्याला विचारलं आणि तेवढ्या वेळात बॉल जाळीत होता. तिसऱ्या वेळी त्यानं पाय वापरायचा नाद सोडला. उभ्याचा आडवा झाला, कपाट पडावं तसा, आणि बॉल छातीवर येऊन थांबला. जमिनीवर पडल्या पडल्या त्याच्या नाकात धूळ गेली, तोंडात गवत आलं आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या ठणठणीत जमिनीवर त्याला क्षणभर परळच्या पावसाळ्याचा वास आला. तेजलनंच हात देऊन त्याला उठवलं. अर्धा तास संपला तेव्हा सड्यांचे तीन गोल होते, संसाऱ्यांचे दोन. म्हणजे सड्यांना तीस रन, संसाऱ्यांना वीस.

सरबत पिऊन तो सीमारेषेच्या दोरीबाहेर आईच्या खुर्चीशेजारी येऊन बसला. त्याच्या जागी मंगळू आला. मंगळू पेठकडचा, इथे रिक्षा चालवतो. माणूस कष्टाळू, पण बॉलला विंचवासारखा भितो. संसाऱ्यांची बॅटिंग आधी आटपली, मग सडे बॅटिंगला आले आणि स्टंपांमागे राकेश नवे ग्लोव्हज घालून बसला.

धम्मपालला कसंतरीच झालं. काय होतंय ते त्याला आधी कळलं नाही. पहिलं षटक संपता संपता कळलं. आपला संघ मैदानात असताना त्यानं आयुष्यात कधी बाजूनं मॅच बघितली नव्हती. त्यानं बघितलं होतं ते सगळं समोरून, आपल्या अंगावर येताना. बॉल म्हणजे येणारी वस्तू, माणूस म्हणजे येणारा माणूस. इथून मात्र बॉल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात होता, त्याच्याशी काही घेणंदेणं नसल्यासारखा. गोलंदाज धावताना जीभ बाहेर काढतो. मंगळू बॉल दुसरीकडे गेला की एक पाऊल पुढे टाकतो, आपल्याकडे आला की मागे. पंच झालेला तो काडीमोडवाला दर षटकानंतर मंडपाकडे बघतो, आणि मंडपात भात हलवणारी एक बाई त्याच वेळी वर बघते. हे कधीपासून चाललं होतं? तो अचंब्यानं बघत बसला. मालनबाईनं विचारलं, कोन जितलं? तो म्हणाला, अजून चाललंय आई. आणि आपल्या आवाजात एवढी मजा आहे याचं त्यालाच नवल वाटलं.

शेवटचं षटक आलं तेव्हा सड्यांना सात रन हव्या होत्या. सहादू स्वतः गोलंदाजीला आला. पहिलाच बॉल अर्ध्या पिचवर आपटून उसळला आणि राकेशच्या अंगठ्यावर बसला. राकेश वाकला तो वाकलाच. अंगठा बघता बघता सुजला. दीपमाला त्या वेळी मंडपाच्या मागे पातेल्यांपाशी गेली होती. तिला हे कळायला अजून थोडा वेळ होता. राकेश थेट दोरीकडे आला आणि त्यानं ग्लोव्हज धम्मपालपुढे धरले.

"मामा, पाच बॉल," तो म्हणाला. "फक्त पाच."

मैदानातून सगळे संसारी इकडे बघत होते. सहादू कमरेवर हात ठेवून उभा होता. सड्यांचीही ना नव्हती. तेजल बॅटवर रेलून उभी होती आणि तिच्याही चेहऱ्यावर हरकत नव्हती. धम्मपाल उभा राहिला. डावा ग्लोव्ह त्यानं घातला. आत जावयाच्या हाताची ऊब होती, घाम होता, नवं चामडं होतं. वाकडी बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. पाच बॉल तो काढू शकला असता. उठबस करायची काय गरज, लांब उभं राहायचं. दीपमाला बघत नव्हती. आता दोन्ही अर्ध्या त्याच्या झाल्या असत्या, नेहमीसारख्या, आणि कुणाला काही ठरवून द्यायचं राहिलं नसतं.

पण आत पाऊल टाकलं की हे सगळं पुन्हा समोरून दिसणार होतं. पुन्हा फक्त बॉल. जीभ बाहेर काढणारा गोलंदाज दिसणार नव्हता, मंगळूची पावलं दिसणार नव्हती, मंडपातली बाई दिसणार नव्हती. त्याला पुढे काय होतं ते बघायचं होतं. कारण दिलेला शब्द नव्हता, गुडघाही नव्हता. त्याला नुसतं बघायचं होतं, भुकेसारखं. इतकी साधी इच्छा आपल्याला याआधी कधी कशी झाली नाही?

त्यानं ग्लोव्ह काढला.

"मंगळूला दे," तो राकेशला म्हणाला. "मी बसतो."

राकेशला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. सहादूनं लांबूनच दोन्ही हात पसरले. धम्मपालनं मान हलवली आणि खाली बसला. आईनं विचारलं, का रे, जात नाय व्हय? तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, मग नीट सांग मला काय चाललंय ते.

म्हणून शेवटचे पाच बॉल त्यानं आईला सांगितले. तेजलनं दोन मारल्या. मग एक. मग तिच्या जोडीदारानं नुसतीच बॅट फिरवली. मग पुन्हा एक, आणि ती परत स्ट्राइकला कशी आली ते त्यानं आईला समजावून सांगितलं, तिनं नीट कळल्यासारखी मान डोलावली. शेवटच्या बॉलला तीन हव्या होत्या. सहादूनं जन्मात टाकला नसेल असा बॉल टाकला. तेजलची बॅट हवेत फिरली, बॉल स्टंपांच्या केसभर बाहेरून गेला. मंगळू डोळे मिटून, दोन्ही हात पुढे धरून, देवाला काहीतरी मागतोय असा वाकला होता. बॉल त्याच्या दोन पायांमधून निघाला आणि दोरीकडे पळत सुटला. चार बाय.

"आई, हरलो," धम्मपाल म्हणाला, आणि हसू आवरेना म्हणून त्यानं तोंडावर हात धरला. मालनबाईनं पाय वर घेतले. बॉल तिच्या खुर्चीखालून पार गेला.

जेवणाच्या पंगतीत काय काय ऐकायला मिळालं ते विचारू नका. चार रणजी सामन्यांचा कीपर दोरीवर बसला आणि संसारी चार बायनं हरले. मंगळू दर माणसाला सांगत होता, की बॉल खाली राहिला. राकेशचा अंगठा दीपमालानं बर्फात धरला होता, आणि ती चढलेल्या भुवयांनी नवऱ्याकडे बघत होती. तिला तोवर सगळं कळलं होतं, ग्लोव्ह घातल्याचं आणि काढल्याचंही. काढल्याबद्दल ती काही बोलली नाही. घातल्याबद्दल बोलली.

सहादू ताट घेऊन धम्मपालपुढे येऊन बसला. तो रागावलेला होता, पण भात चांगला झाला होता.

"खरं सांग भाऊ," तो म्हणाला. "फुटबॉल घेतलं ते घेतलं. पण हातात आलेलं क्रिकेट सोडलं तू. म्हंजे तुझं खरं फुटबॉलच व्हतं, नाय का?"

आजूबाजूचे थोडे थांबले. फुटबॉलवाले आणि क्रिकेटवाले, दोन्ही. हाच प्रश्न तो आठवडाभर पोटाशी घेऊन फिरला होता. आता तो कुणीतरी ताटात वाढल्यासारखा समोर आला आणि धम्मपालला तो हातातल्या पापडाएवढाही जड वाटला नाही.

"हे यंदाचं झालं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी क्रिकेट. लांब उभा राहीन, वाकणारच नाही. फुटबॉल बघीन बाहेरून. ते राहिलंय बघायचं."

"पुढच्या वर्षीपर्यंत तो गुडघा नवा घालायचाय," दीपमाला राकेशच्या अंगठ्यावरून मान न उचलता म्हणाली. "मग काय ते बोला."

सहादूनं धम्मपालकडे पाहिलं. धम्मपालनं तिचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासलं. ती नाही म्हणाली नव्हती. त्यानं मठ्ठ्याचा पेला पुढे केला आणि वाढणाऱ्या पोराला अजून थोडा भात टाकायला सांगितलं.